बीम, शेल आणि सॉलिड एकाच मॉडेलमध्ये: एलिमेंट निवडायचे आणि जोडायचे कसे

स्ट्रक्चरल ॲनालिसिसचं मॉडेल एकाच प्रकारच्या एलिमेंटचं (मॉडेल ज्या लहान तुकड्यांत विभागतात त्यांचं) असेल तर बहुतेकांचं काम ठीक चालतं. बीम (रेषेसारखा), शेल (पातळ पृष्ठभागासारखा) आणि सॉलिड (भरीव) एकत्र आले की चुका सुरू होतात, आणि त्यातल्या बऱ्याच चुका सॉल्व्हर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) सांगत नाही. मॉडेल सुटतं, रंगीत चित्र येतं. पण जिथे प्लेट ब्लॉकला वेल्ड केलेली आहे तिथे मॉडेलमध्ये बिजागरी तयार झालेली असते, म्हणजे जोड मोकळा फिरतो. नाहीतर प्लेटखालचा स्टिफनर (ताठ करणारी पट्टी) खाली न राहता प्लेटच्या पोटात जाऊन बसलेला असतो.

ज्यांना मेश (एलिमेंटमध्ये विभागणी) करता येतो, लीनिअर स्टॅटिक आणि मोडल (कंपनांचे) रन चालवता येतात, पण मिश्र मॉडेलच्या उत्तरावर सही करताना हात अडतो, त्यांच्यासाठी हा क्रम आहे. ॲबॅकस, ॲन्सिस, नॅस्ट्रान किंवा फुकट मिळणारं कॅल्क्युलिक्स, काहीही वापरा. कमांडची नावं बदलतील, क्रम बदलणार नाही.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो. मोटर आणि गिअरबॉक्स बसवायची फॅब्रिकेटेड बेसफ्रेम: २००० × १००० मिमी, १५० मिमी उंचीच्या चॅनेलची चौकट, वर १० मिमी प्लेट, प्लेटखाली १०० × १० फ्लॅटचे स्टिफनर, एम१६ बोल्टने बसवलेलं कास्ट आयर्नचं बेअरिंग पेडेस्टल, उचलायला २५ मिमी जाडीचे चार लग आणि वर ५० मिमी अँगलची हलकी कॅनॉपी. भोसरी-चाकणपासून कोल्हापूरच्या शिरोलीपर्यंत कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये असं काम दिसतं.

## टप्पा १: सॉफ्टवेअर उघडण्याआधीचा कागद

पहिली ओळ: या मॉडेलकडून मला काय हवंय? फ्रेमची पहिली फ्रिक्वेन्सी, कपलिंगपाशी शाफ्ट किती सरकतो, लगच्या वेल्डवरचा स्ट्रेस, की पेडेस्टलच्या फिलेटमधला (आतल्या गोलाव्यातला) स्ट्रेस? हे चार वेगळे प्रश्न आहेत. फक्त फ्रिक्वेन्सी हवी असेल तर पेडेस्टलचा प्रत्येक फिलेट मेश करण्यात वेळ घालवू नका. फिलेटमधला स्ट्रेस हवा असेल तर शेलने तो कधीच मिळणार नाही. "सगळंच काढू" असं ठरवलं की मॉडेल प्रचंड होतं आणि त्यातलं एकही उत्तर भरवशाचं राहत नाही.

दुसरं म्हणजे लोडचा रस्ता. मोटरच्या पायापासून पाया-बोल्टपर्यंत बाणांनी काढा: मोटर, बोल्ट, प्लेट, स्टिफनर, चॅनेल, अँकर. ज्या ज्या ठिकाणी एक भाग संपून दुसरा सुरू होतो, तिथे तीन फोर्स आणि तीन मोमेंट यांतलं खरोखर काय पलीकडे जातं ते लिहा. वेल्ड असेल तर बहुधा सहाही. पिन असेल तर तिच्या अक्षाभोवतीचा मोमेंट जात नाही. हा जोडांचा तक्ता टप्पा ५ मध्ये लागणार आहे. तो नसेल तर तिथे अंदाजाने काम होतं.

तिसरं, दोन हातगणितं: एकूण वजन आणि एखाद्या महत्त्वाच्या भागाचा ढोबळ वाक. उत्तर दुपटीने चुकलं तरी चालेल. दहा पटींची चूक ओळखता आली की झालं.

इशारा: मिलिमीटर, न्यूटन आणि मेगापास्कल वापरत असाल तर वस्तुमान टनात जातं. स्टीलची घनता ७.८५ × १०⁻⁹ टन प्रति घन मिमी आणि गुरुत्वाकर्षण ९८१० मिमी/से². स्टॅटिक रनमध्ये ही चूक लपून राहते आणि मोडलमध्ये फ्रिक्वेन्सीचं वाटोळं करते.

## टप्पा २: प्रत्येक भागाला प्रकार ठरवा

भागाचा आकार आणि लोड, दोन्ही बघून प्रकार ठरतो. क्रॉस-सेक्शनचं माप लांबीच्या दहाव्या भागाहून कमी असेल तर बीम शोभतो. जाडी त्या भागाच्या स्पॅनच्या साधारण पंधराव्या भागाहून कमी असेल तर शेल. त्याहून जाड झालं की आधी शिअर धरणारा जाड शेल, आणि पुढे सॉलिड. फक्त ओढ किंवा दाब घेणारा, दोन्ही टोकांना पिन असलेला टाय-रॉड असेल तर ट्रस पुरतो.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. जाडीची तुलना करायची ती स्पॅनशी, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराशी किंवा मोडच्या लाटेच्या लांबीशी. एलिमेंटच्या आकाराशी नव्हे. १० मिमीची प्लेट ५ मिमीच्या शेलने मेश केली म्हणून ती जाड प्लेट होत नाही. उलट त्याच प्लेटची वरची कंपनं बघायची असतील तर लाट लहान होत जाते, आणि खालच्या मोडला चालणारा पातळ शेल तिथे चुकू लागतो.

आता फ्रेम घ्या. कॅनॉपीचा अँगल ५० मिमी आणि स्पॅन २००० मिमी. बीम, विचार करायची गरज नाही. १० मिमी प्लेट, स्टिफनरमधलं अंतर ३०० मिमी, शेल. पेडेस्टल हे जाड-पातळ होत जाणारं कास्टिंग, तो सॉलिड. लग २५ मिमी जाड आणि भोकापासून कडेपर्यंत तेवढंच मटेरियल, तोही सॉलिड.

चॅनेलपाशी मात्र थांबावं लागतं. "लांब आहे, बीम टाका" हा पहिला विचार येतो. आडवे चॅनेल १००० मिमीचे आहेत, उंची १५०, म्हणजे गुणोत्तर सातच्याही आत. शिवाय चॅनेल हा उघडा सेक्शन आहे. त्याचं शिअर सेंटर (जिथून लोड गेला तर पीळ पडत नाही तो बिंदू) वेबच्या (उभ्या भागाच्या) पाठीमागे, सेक्शनच्या बाहेर असतं, त्यामुळे वरून पडणारा लोड त्याला पिळतो. आणि पिळताना सेक्शन सपाट न राहता वार्प होतो. सहा डिग्री ऑफ फ्रीडमच्या (तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या) साध्या बीमला हे वार्पिंग दिसत नाही. ॲन्सिसच्या बीम१८८ मध्ये सातवी वार्पिंग डिग्री चालू करता येते, ॲबॅकसमध्ये उघड्या सेक्शनसाठी बी३१ओएस आहे. पण कोपऱ्यातल्या वेल्डमधून वार्पिंग पलीकडे किती जातं हा प्रश्न उरतोच. माझं मत स्पष्ट आहे: अशा आखूड चॅनेलच्या फ्रेमला शेल वापरा. वेब आणि फ्लँज वेगवेगळ्या जाडीचे शेल केले की पिळणं, वार्पिंग आणि कोपऱ्यांचा लवचीकपणा आपोआप मॉडेलमध्ये येतो.

मोटर मॉडेल करायची नसते. तिच्या गुरुत्वमध्यावर मास एलिमेंट ठेवायचा आणि तो चार पायांना जोडायचा. जनित्र, टाकी, पंप, सगळ्यांना हेच. फक्त गुरुत्वमध्याची उंची ड्रॉइंगवरून घ्या. डोळ्यांनी ठरवलेली उंची रॉकिंग मोडची फ्रिक्वेन्सी बिघडवते.

## टप्पा ३: ऑर्डर आणि इंटिग्रेशन

"सॉलिड घेतला" एवढ्याने निवड पूर्ण होत नाही. ऑर्डर (सरळ कडांचा लीनिअर, की कडेच्या मध्येही नोड असलेला क्वाड्रॅटिक) आणि इंटिग्रेशन (आतल्या किती बिंदूंवर हिशोब होतो) हेही ठरवावं लागतं. सॉलिडमध्येच असे प्रकार आहेत की चुकीचा घेतला तर उत्तर कित्येक पटींनी हुकतं.

आठ नोडचा (कोपऱ्यांवरच्या बिंदूंचा) लीनिअर हेक्सा (सहा बाजूंचा ठोकळा), पूर्ण इंटिग्रेशनसह, वाकणाऱ्या भागात वापरू नका. त्याच्या कडा सरळच राहतात; वाकायचं सोडून तो शिअरमध्ये ऊर्जा खर्च करतो. यालाच शिअर लॉकिंग म्हणतात. हे किती वाईट असतं ते चार नोडच्या साध्या प्लेन स्ट्रेस एलिमेंटवर हिशोबाने दाखवता येतं. पॉइसन गुणोत्तर ०.३, शुद्ध वाकवणं, उंचीत एकच एलिमेंट: तो चौरस असेल तर खऱ्याच्या सुमारे १.४८ पट ताठ निघतो. लांबी उंचीच्या पाचपट असेल तर सुमारे १०.७ पट. म्हणजे डिफ्लेक्शन खऱ्याच्या दहाव्या भागाच्या आसपास येतं, आणि चित्र मात्र अगदी गुळगुळीत दिसतं.

रिड्यूस्ड इंटिग्रेशनचा आठ नोडचा हेक्सा, ॲबॅकसमधला सी३डी८आर, याच्या उलट वागतो. त्याला एकच इंटिग्रेशन पॉइंट असतो, मधोमध. जाडीत एकच थर टाकला तर तो पॉइंट न्यूट्रल ॲक्सिसवर पडतो आणि बेंडिंग स्ट्रेस शून्य दिसतो. या एलिमेंटला अवरग्लास नावाच्या, ऊर्जा न घेणाऱ्या हालचाली असतात. जाडीत किमान चार थर घाला आणि रननंतर अवरग्लास थांबवायला खर्च झालेली कृत्रिम ऊर्जा एकूण अंतर्गत ऊर्जेशी ताडून बघा. पाच टक्क्यांच्या वर गेली तर मेश बारीक करायला हवा.

मधला मार्ग म्हणजे इन्कॉम्पॅटिबल मोड किंवा एन्हान्स्ड स्ट्रेनचे एलिमेंट: ॲबॅकसचा सी३डी८आय, किंवा ॲन्सिसच्या सॉलिड१८५ मधला तो पर्याय. आयताकृती राहिले तर जाडीत एकाच थरातही वाकणं छान पकडतात. समलंब झाले की त्यांचा गुण बराच जातो. सॉलिड१८५ बद्दल आणखी एक: त्यातली बी-बार पद्धत व्हॉल्युमेट्रिक लॉकिंगवरचा (आकारमान बदलू न शकल्याने येणाऱ्या खोट्या ताठपणावरचा) उपाय आहे, शिअर लॉकिंगवरचा नाही. नावात इंटिग्रेशन सुधारल्याचं बघून अनेक जण निश्चिंत होतात.

पेडेस्टलसारख्या कास्टिंगला हेक्सा मेश करण्यात दिवस घालवू नका. दहा नोडचा टेट्रा (चार बाजूंचा सॉलिड) वापरा, वाकणाऱ्या भिंतींत दोन थर ठेवा. चार नोडचा टेट्रा मात्र फक्त जिथे स्ट्रेस वाचायचाच नाही अशा भरावासाठी. त्याच्या आत स्ट्रेन सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे वाकण्यात तो फार ताठ पडतो.

रबर पॅड असेल, पॉइसन गुणोत्तर ०.५ च्या जवळ असेल, तर हायब्रिड एलिमेंट घ्या. नाहीतर पॅड दगडासारखा वागेल.

इशारा: क्वाड्रॅटिक एलिमेंटवर नोडना हाताने सारखा फोर्स वाटू नका. २० नोडच्या हेक्साच्या फेसवर एकसारखा दाब असेल तर कोपऱ्याच्या प्रत्येक नोडला एकूण फोर्सच्या उणे १/१२ आणि मधल्या प्रत्येक नोडला १/३ असा वाटा जातो. दहा नोडच्या टेट्राच्या फेसवर कोपऱ्यांना शून्य आणि मधल्या तिघांना १/३. दाब पृष्ठभागावर लावा, वाटणी सॉल्व्हरला करू द्या.

तपासणी: वाकडेतिकडे झालेले एलिमेंट जिथे स्ट्रेस वाचायचा आहे तिथून काढून टाका, कडेला असतील तर चालवून घ्या. ही बारीक बाब नाही. १९९१ मध्ये नॉर्वेत स्लायपनर-ए या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा तळ बुडाला, तेव्हा भिंतींच्या सांध्यांतला शिअर ओबडधोबड मेशमुळे ४७ टक्के कमी धरला गेल्याचं चौकशीत निघालं.

नवीन एलिमेंट किंवा नवीन सॉल्व्हर हाती आला की आधी नाफेम्स या सिम्युलेशन क्षेत्रातल्या संस्थेचा एलई१० हा जाड प्लेटचा प्रश्न सोडवून बघा. डी बिंदूवर उत्तर −५.३८ एमपीए यायला हवं. अर्ध्या तासाचं काम आहे.

## टप्पा ४: मिड-सरफेस आणि ऑफसेट

शेलची जाडी मध्यापासून दोन्हीकडे धरली जाते. सीएडीमधून मिड-सरफेस (जाडीच्या मधला पृष्ठभाग) काढला की टी-जोडात उभ्या प्लेटची कड आडव्या प्लेटच्या मध्यापासून अर्धी जाडी दूर राहते. १० मिमी प्लेट असेल तर ५ मिमीची फट. कड वाढवून भिडवा. जोडापाशी थोडं मटेरियल दोनदा मोजलं जातं. पातळ प्लेटमध्ये ते सोडून द्या, जाड प्लेटा असतील तर वस्तुमान तपासा.

स्टिफनर बीमने करत असाल तर ऑफसेट (बीम त्याच्या खऱ्या जागी सरकवणं) हा या टप्प्यातला सगळ्यात महागडा मुद्दा. आकडे बघा. ३०० मिमी रुंदीची १० मिमी प्लेट आणि तिच्याखाली १०० × १० चा उभा फ्लॅट. ऑफसेट विसरलात तर दोघांचे सेंट्रॉइड एकाच पातळीवर बसतात आणि सेकंड मोमेंट ऑफ एरियाची नुसती बेरीज होते: सुमारे ८.६ लाख मिमी⁴. फ्लॅट ५५ मिमी खाली, म्हणजे त्याच्या खऱ्या जागी नेला की तोच आकडा सुमारे ३१.३ लाख मिमी⁴ होतो. ३.६ पटींहून थोडा जास्त फरक, एका रिकाम्या राहिलेल्या खान्यामुळे. फ्रेम विनाकारण जड केली जाते ती अशीच.

ऑफसेट दिल्यावर बीम सेक्शन त्याच्या खऱ्या आकारात दाखवणारा व्ह्यू चालू करा. फ्लॅट प्लेटच्या वरच्या बाजूला उगवलेला दिसला तर चिन्ह उलट आहे. फ्लॅट आडवा झोपलेला दिसला तर ओरिएंटेशन चुकलंय. त्याच वेळी शेलचे नॉर्मलही (वरची बाजू कोणती ते सांगणारी दिशा) बघून घ्या; एकाच प्लेटवर अर्धे वर, अर्धे खाली असतील तर पुढे टॉप आणि बॉटम स्ट्रेस वाचताना काहीच कळणार नाही.

## टप्पा ५: जोड

मिश्र मॉडेल बिघडतं ते बहुतेक वेळा इथे, म्हणून इथे सावकाश जा.

मूळ गोष्ट एवढीच: सॉलिडच्या नोडला तीन सरकण्याच्या डिग्री असतात, फिरण्याच्या नसतात. शेलला आणि बीमला सहा. म्हणून शेलची कड सॉलिडच्या नोडच्या एका रेषेवर मर्ज केली तर फोर्स जातो, त्या रेषेभोवतीचा मोमेंट जात नाही. बीम सॉलिडच्या एका नोडला मर्ज केला तर तिन्ही मोमेंट हरवतात. प्रत्येक जोडापाशी एकच प्रश्न विचारा: संपर्क बिंदूत आहे, रेषेत आहे की पट्ट्यात? पट्ट्यात असेल तर वेगवेगळ्या नोडवरच्या फोर्सच्या जोड्या मोमेंट पलीकडे नेतात. बिंदू किंवा रेष असेल तर तुम्हाला काहीतरी करावं लागेल.

### शेलची कड सॉलिडला

सॉल्व्हरमध्ये यासाठी सोय असते: ॲबॅकसमध्ये शेल-टू-सॉलिड कपलिंग, नॅस्ट्रानमध्ये आरएसएसकॉन, ॲन्सिसमध्ये एमपीसी काँटॅक्ट. ती वापरा. शेलच्या जाडीएवढा सॉलिडचा पट्टा त्यात धरला गेला पाहिजे. शोधण्याचं अंतर कमी पडलं तर एकच ओळ धरली जाते आणि बिजागरी परत येते. अशी सोय नसेल तर शेल सॉलिडच्या आत किंवा पृष्ठभागावर एक-दोन ओळी पुढे न्या आणि नोड एक करा. जोड थोडा जास्त ताठ होतो, पण मोमेंट जातो.

### सॉलिड शेलच्या पृष्ठभागावर

आपल्या लगचं प्रकरण हेच. २५ मिमी जाडीचा लग चॅनेलच्या वेबवर बसतो. त्याचा ठसा २५ मिमी रुंद पट्टा आहे. टाय केला (दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना बांधले) की मोमेंट जातो. फक्त लगचा फेस आणि वेबचा मिड-सरफेस यांत अर्ध्या जाडीचं अंतर राहतं, आणि टाय करताना ते अंतर सॉल्व्हर कसा धरतो ते तपासावं लागतं. काही सेटिंगमध्ये ते अंतर धरलं जात नाही आणि खोटा मोमेंट तयार होतो. टप्पा ७ मधली पहिली तपासणी ही चूक पकडते.

टायमध्ये बारीक मेशचा पृष्ठभाग स्लेव्ह, जाड मेशचा मास्टर. रन झाल्यावर मेसेज फाइल उघडून किती नोड टायबाहेर राहिले ते वाचा. चित्रावरून हे दिसत नाही.

### बीम शेलला किंवा सॉलिडला

कॅनॉपीचा उभा अँगल वरच्या प्लेटवर एका नोडवर उभा केला तर दोन अडचणी येतात. एक, त्या नोडपाशी स्ट्रेस मेश बारीक करेल तसा वाढतच जातो. दोन, अँगल स्वतःभोवती फिरला की तो मोमेंट प्लेटच्या आपल्याच प्रतलातल्या फिरण्याकडे, म्हणजे ड्रिलिंग डिग्रीकडे जातो. तिथला ताठरपणा अनेक शेलमध्ये कृत्रिम असतो. म्हणून अँगलचा खरा ठसा प्लेटवर आखा, त्यातले नोड घ्या आणि बीमच्या टोकाला स्पायडरने (एका नोडपासून अनेक नोडकडे पसरणाऱ्या बंधनांनी) जोडा. सॉलिडलाही हीच रीत.

### आरबीई२ की आरबीई३

नॅस्ट्रानची ही नावं आता सगळीकडे चालतात. आरबीई२ मध्ये मधला नोड राजा, बाकीचे त्याच्या मागे; ठसा पूर्ण कडक होतो. आरबीई३ मध्ये उलट, मधला नोड बाकीच्यांच्या सरासरीने हलतो. लोड वाटला जातो, ताठरपणा वाढत नाही. मोटरचं वजन चार पायांवर आरबीई२ ने टाकलं तर चारही पाय एका कडक पाटीत बांधले जातात आणि फ्रेमची फ्रिक्वेन्सी वर जाते. आरबीई३ ने टाकलं तर मोटरच्या कास्टिंगने फ्रेमला दिलेला आधार हरवतो. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये असतं. दोन्ही रन करा आणि दोन्ही आकडे रिपोर्टमध्ये द्या; फरक लहान असेल तर विषय संपला, मोठा असेल तर मोटरचं घर थोडं तरी मॉडेल करावं लागेल.

इशारा: आरबीई३ चा मधला नोड परावलंबी असतो. त्यावर फिक्स्ड बाउंड्री कंडिशन लावू नका. एकच नोड दोन बंधनांत परावलंबी होऊ देऊ नका. टाय आणि स्पायडर शेजारी असले की हे हमखास होतं.

### बोल्ट

एम१६ चा शँक बीमने करा, दोन्ही टोकांना बोल्ट-हेड आणि नटच्या ठशावर स्पायडर. आणि मग पेडेस्टल व प्लेट एकमेकांना टाय करू नका. टाय केलं की सगळा लोड टायमधून जातो, बोल्टमध्ये जवळपास शून्य फोर्स दिसतो आणि "बोल्ट सेफ" असा शेरा रिपोर्टमध्ये जातो. बोल्टचा फोर्स हवा असेल तर दोघांमध्ये काँटॅक्ट आणि बोल्टमध्ये प्रीलोड (आवळण्याचा ताण) द्यावाच लागतो. शेलच्या जाडीचा हिशोब काँटॅक्टमध्ये चालू आहे ना, तेही बघा. नाहीतर पेडेस्टल प्लेटमध्ये ५ मिमी शिरल्यासारखं किंवा हवेत तरंगल्यासारखं सुरू होतं.

### लीनिअर शेजारी क्वाड्रॅटिक

क्वाड्रॅटिक एलिमेंटचा मधला नोड लीनिअर शेजाऱ्याच्या कडेवर लटकत राहतो. लोड आला की फट उघडते. अशा ठिकाणी टाय वापरा किंवा त्या भागात ऑर्डर एकच ठेवा.

## टप्पा ६: प्रत्येक जोडाची वेगळी चाचणी

मोठ्या मॉडेलमध्ये जोड तपासायला जाऊ नका. नवीन फाइल, छोटा सॉलिड ब्लॉक, मागून फिक्स केलेला, त्याला २०० × ५० × १० मिमीची शेल प्लेट तुम्ही ठरवलेल्या पद्धतीने जोडलेली, टोकाला १०० न्यूटन. स्टीलसाठी २.१ लाख एमपीए मॉड्युलस धरला तर टोकाचा वाक ०.३०५ मिमी आणि मुळाशी बेंडिंग स्ट्रेस २४ एमपीए. मॉडेलचा वाक याहून किंचित जास्त यावा, कारण ब्लॉकही थोडा दबतो. खूप जास्त आला, किंवा झिरो पिव्हटचा (मॉडेल कुठेतरी मोकळं असल्याचा) इशारा आला, तर बिजागरी आहे. बराच कमी आला तर जोड नको तितका कडक आहे.

मग लोड बाजूने लावून बघा, मग पिळा. तक्त्यातल्या सहाही गोष्टी एकेक करून पलीकडे जातात का ते पाहून खूण करा. एका पद्धतीची चाचणी झाली की ती पुढच्या प्रोजेक्टलाही कामी येते.

## टप्पा ७: पूर्ण मॉडेलच्या तीन तपासण्या

खरा लोड लावण्याआधी हे तीन रन, याच क्रमाने.

१. मोकळ्या मॉडेलचा मोडल रन. सगळे आधार काढा. शून्याच्या जवळच्या नेमक्या सहा फ्रिक्वेन्सी यायला हव्यात. सातवी किंवा आठवीही शून्याजवळ असेल तर कुठेतरी भाग सुटलेला आहे किंवा बिजागरी आहे. त्या मोडचं ॲनिमेशन लावा, जागा लगेच दिसते. सहापेक्षा कमी आल्या तर एखादं बंधन मॉडेलला अदृश्यपणे जमिनीला बांधतंय. टायमधला खोटा मोमेंट इथेच उघडा पडतो.

२. फक्त स्वतःचं वजन. उभ्या रिॲक्शनची बेरीज वस्तुमान गुणिले ९.८१ यायला हवी. ५०० किलोची फ्रेम असेल तर ४९०५ न्यूटन. टप्पा १ मधल्या हातगणिताशी ताडा.

३. एकसारखं तापमान. मॉडेल मोकळेपणाने फुगू शकेल इतकाच आधार द्या, या रनपुरतं सगळं मटेरियल स्टील करा आणि १०० अंश वाढवा. २००० मिमी लांबी सुमारे २.४ मिमी वाढेल आणि स्ट्रेस सगळीकडे जवळपास शून्य हवा. जिथे स्ट्रेस दिसेल तिथे एखादं कडक बंधन फुगू देत नाही. आरबीई२ जवळजवळ नक्की सापडतं. ते तसं राहू द्यायचं की नाही, ते आता जाणूनबुजून ठरवा.

तिसरी तपासणी बहुतेक जण करत नाहीत. तापमानाचा लोड प्रोजेक्टमध्ये नाही म्हणून ती सोडू नका. चुकीची बंधनं शोधायला याहून सोपं साधन नाही.

## टप्पा ८: स्ट्रेस वाचणं

आधी मेश एकदा निम्म्या आकाराचा करा. डिफ्लेक्शन लवकर स्थिर होतं, स्ट्रेस उशिरा. स्ट्रेस पाच टक्क्यांहून जास्त बदलत असेल तर आणखी बारीक करा. प्रत्येक वेळी वाढतच राहिला आणि जागा धारदार आतला कोपरा किंवा एका नोडचा जोड असेल, तर तो आकडा खरा नाही. मेश आणखी बारीक करून तो सुधारत नाही.

शेलचा स्ट्रेस टॉप आणि बॉटम दोन्हीकडे वाचा. मधल्या थरावर बेंडिंग दिसत नाही. जिथे जाडी बदलते किंवा प्लेटा कोनात भेटतात, तिथे दोन्ही बाजूंचा स्ट्रेस एकमेकांत सरासरी करणारं सेटिंग बंद करा. नाहीतर १० मिमी प्लेटचा आणि जाड वेबचा स्ट्रेस मिसळून कुणाचाच नसलेला आकडा मिळतो.

वेगळ्या प्रकारांच्या जोडाच्या पहिल्या एक-दोन ओळींतला स्ट्रेस वापरू नका. वेल्डच्या पायथ्याशी फटीग बघायचं असेल तर हॉट स्पॉट पद्धत घ्या. आयआयडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेच्या पद्धतीत, बारीक मेशसाठी, वेल्डच्या पायथ्यापासून जाडीच्या ०.४ आणि १.० पट अंतरावर पृष्ठभागाचा स्ट्रेस वाचतात आणि असं मांडतात:

हॉट स्पॉट स्ट्रेस = १.६७ × (०.४ जाडीवरचा) − ०.६७ × (१.० जाडीवरचा)

१० मिमी प्लेटला म्हणजे ४ मिमी आणि १० मिमीवर. त्या दोन ठिकाणी नोड येतील असा मेश आधीच आखा.

लगच्या वेल्डचा किंवा पेडेस्टलच्या फिलेटचा नेमका स्ट्रेस हवा असेल तर मोठं मॉडेल बारीक करत बसू नका. तो तुकडा कापून वेगळं सॉलिड मॉडेल करा, बारीक फिलेटसह, आणि कापलेल्या कडांवर मोठ्या मॉडेलची डिस्प्लेसमेंट द्या. काप स्ट्रेस वाढलेल्या जागेपासून दूर हवा. दूर आहे की नाही हे असं ठरतं: कापाच्या रेषेवर मोठ्या मॉडेलचा स्ट्रेस आणि छोट्या मॉडेलचा स्ट्रेस शेजारी मांडा, आणि कापातून जाणारे एकूण फोर्सही जुळवा. जुळले तर आतला आकडा वापरा. स्ट्रेस जुळत नसेल तर काप आणखी मागे न्या. फोर्सच जुळत नसतील तर मोठ्या मॉडेलचा तिथला ताठरपणा चुकलाय. टप्पा ५ कडे परत जा आणि त्या भागाचे जोड एकेक करून पुन्हा तपासा.